कोम्पाद्रे : बाप्तिस्म्याच्या कुंडापासून चव्हाट्यापर्यंत

कोणत्या नात्याला नाव द्यावे आणि कोणते नाते बिननावाचे सोडावे, हे कोणी व्याकरणकार ठरवीत नाही; समाजाची गरज ते ठरविते. मुलाचा बाप आणि मुलीचा बाप यांना मराठीत एकमेकांचे ‘व्याही’ म्हणतात. लग्न लागते मुलांचे. पण त्या लग्नामुळे दोन वडीलधारी माणसे परस्परांशी बांधली जातात. त्यांच्यात मानपान येतो, देणेघेणे येते, बोलण्यातली अदब येते. इंग्रजीला या नात्यासाठी रोजच्या वापरातला स्वतंत्र शब्द नाही. आपल्याला तो आहे, कारण आपल्या जगण्यात त्या नात्याला वजन आहे.

स्पॅनिश भाषेत व्याह्यासाठी शब्द आहेच. परंतु त्याखेरीज आणखी एक शब्द आहे, जो आजच्या मराठीत सरसकट वापरला जात नाही. तो शब्द म्हणजे ‘कोम्पाद्रे’. मेक्सिकोतला टॅक्सीचालक अनोळखी माणसाला या शब्दाने हाक मारतो. सेव्हिल्यातले दोन मित्र दारूच्या दुकानात उभे राहून एकमेकांना ‘कोम्पाद्रे’ म्हणतात. चिलीमध्ये रस्त्यावर धक्का लागला तरी हाच शब्द ऐकू येतो. कधी माफीच्या, तर कधी दमदाटीच्या सुरात. आज त्याचा अर्थ ढोबळमानाने ‘दोस्ता’, ‘राजा’, ‘भावा’ असा होतो. परंतु हा शब्द चव्हाट्यावर जन्मला नाही. तो जन्मला चर्चमध्ये, बाप्तिस्म्याच्या कुंडाजवळ. तिथून तो रस्त्यावर कसा आला, वाटेत त्याने काय मिळविले व काय गमावले, हे पाहण्याचा या लेखात आमचा प्रयत्न आहे. कॅथॉलिक कुटुंबांना तरी हा इतिहास परका वाटू नये.

लॅटिनमध्ये ‘पातेर’ म्हणजे पिता, आणि ‘कोम्’ म्हणजे सह. ‘कोम्पातेर’ म्हणजे सहपिता. हा बाळाचा धर्मपिता खरा. पण बाळ त्याला या नावाने हाक मारीत नाही. बाळाच्या दृष्टीने तो स्पॅनिशमध्ये ‘पाद्रिनो’, धर्ममाता ‘माद्रिना’, आणि त्यांच्या दृष्टीने बाळ ‘आइहादो’ किंवा मुलगी असल्यास ‘आइहादा’. ‘कोम्पाद्रे’ हा शब्द बाळाच्या डोक्यावरून दोन प्रौढांमध्ये जातो. बाप धर्मपित्याला कोम्पाद्रे म्हणतो आणि धर्मपिता बापाला. आई व धर्ममाता एकमेकींच्या ‘कोमाद्रे’ होतात. व्याही लग्नाने होतात, कोम्पाद्रे बाप्तिस्म्याने होतात. एवढाच फरक मनात ठेवला म्हणजे पुढचे सारे समजण्यास सोपे जाते.

आरंभीच्या शतकांत स्वतःच्या बालकाला बाप्तिस्म्यासाठी आईबापच पुढे आणीत. पुढे हळूहळू ही जबाबदारी दुसऱ्याकडे सोपविण्याची रीत रूढ झाली, आणि इसवी सन ८१३ मध्ये माइन्झ येथील धर्मसभेने आईबापांनी आपल्याच मुलाचे धर्ममातापिता होण्यास मनाई केली. या नात्याकडे ख्रिस्तसभा व राज्यसत्ता किती गंभीरपणे पाहत होत्या, याची साक्ष त्याहूनही जुनी आहे. सम्राट जस्टिनियनने ५३० साली धर्मपिता व धर्मकन्या यांच्यातील विवाहास बंदी केली. ६९२ साली कॉन्स्टँटिनोपल येथे भरलेल्या त्रुल्लो धर्मसभेने त्यापुढे जाऊन, धर्मपित्याने त्या बालकाच्या विधवा आईशीही लग्न करू नये, असे ठरविले. येथे नियम बालकाविषयीचा नाही. तो दोन प्रौढांविषयीचा आहे. बाप्तिस्म्याच्या पाण्याने जे नाते जुळले, ते रक्ताच्या नात्यासारखेच पवित्र मानावे, असा त्याचा आशय होता.

पण नियम वाढले, तसा गुंताही वाढला. एका बालकाला अनेक धर्ममातापिता करण्याची हौस बोकाळली, आणि गावातला कोण कोणाचा आध्यात्मिक नातेवाईक लागतो, हेच कळेनासे झाले. विवाह होऊन गेल्यावर तो निषिद्ध होता असे उघडकीस येई. म्हणून ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ साली नियम घालून दिला : धर्मपिता किंवा धर्ममाता एकच असावी, फार तर एक पुरुष व एक स्त्री. धर्मगुरूने बाप्तिस्म्यापूर्वी कोणाला निवडले आहे याची चौकशी करावी, त्यांची नावे वहीत लिहावी, आणि आपण कोणते नाते जोडीत आहोत हे त्यांना समजावून सांगावे. धर्मगुरूंच्या कचेरीत आज जी बाप्तिस्म्याची नोंदवही असते, तिच्यात धर्ममातापित्यांची नावे लिहिण्यामागे हा एवढा इतिहास आहे.

स्पेनमध्ये मात्र शब्द तोवर चर्चच्या उंबरठ्याबाहेर पडला होता. सर्व्हान्तेसच्या ‘दोन किहोते’ या कादंबरीचा पहिला भाग १६०५ साली प्रसिद्ध झाला. त्यात नायकाच्या ग्रंथसंग्रहाची झडती घेताना गावचा धर्मगुरू न्हाव्याला ‘कोम्पाद्रे’ म्हणून संबोधितो. एक शिकलेला धर्मगुरू, दुसरा वस्तरा चालविणारा न्हावी. दोघांत आपुलकीचा पूल या एका शब्दाने बांधला जातो. म्हणजे चारशे वर्षांपूर्वीच या शब्दाला सलगीच्या हाकेचे रूप आलेले दिसते. स्पॅनिश अकादमीच्या शब्दकोशातही बापाचे व धर्मपित्याचे परस्परांशी असलेले नाते हा अर्थ तर आहेच. शिवाय आंदालुसिया व अन्य काही भागांत मित्र किंवा परिचित माणसाला असे म्हणतात, असाही अर्थ दिलेला आहे.

‘कोमाद्रे’ या स्त्रीलिंगी रूपाचे नशीब थोडे वेगळे निघाले. बाळंतपण करणाऱ्या सुईणीलाही कोमाद्रे म्हणत. त्यावरून आलेला ‘कोमाद्रोना’ हा सुईणीचा शब्द आजही वापरात आहे. पण ‘कोमाद्रेआर’ या क्रियापदाचा अर्थ मात्र चकाट्या पिटणे असा झाला. फ्रेंचमध्येही ‘कोमेर’ म्हणजे आधी सहमाता, मग चहाडखोर बाई. इंग्रजीतला ‘गॉसिप’ हा शब्द आपण मराठीतही सर्रास वापरतो. त्याचे मूळ रूप ‘गॉडसिब्’, म्हणजे देवाच्या ठायी जोडलेला नातेवाईक. तीन भाषांत एकच गोष्ट घडावी हे लक्षणीय आहे. पुरुषांची जवळीक ती दोस्ती ठरली आणि बायकांची जवळीक ती कुजबुज ठरली! शब्दांच्या इतिहासात समाजाचे पूर्वग्रह असे उघडे पडतात.

या शब्दाला खरा बहर आला तो अटलांटिक महासागराच्या पलीकडे. १५१९ साली कोर्तेस मेक्सिकोच्या किनाऱ्यावर उतरला, १५२१ साली आस्तेकांची राजधानी पडली, आणि १५२४ साली बारा फ्रान्सिस्कन धर्मगुरू तेथे पोहोचले. बाप्तिस्मे हजारोंच्या संख्येने होऊ लागले. परंतु त्याच काळात देवी व अन्य साथींनी तेथील मूळ रहिवाशांत हाहाकार उडविला होता. १५२० ची देवीची साथ, १५४५ व १५७६ च्या भयंकर साथी. गावेच्या गावे ओस पडली. आईबाप गेले, चुलते गेले, मावश्या गेल्या. मुलांना सांभाळण्याची जुनी कुळांची व्यवस्था मोडली. अशा वेळी आईबापांपाठोपाठ मुलाचा भार उचलण्याचे वचन देणारा एक जास्तीचा बाप आणि एक जास्तीची आई, ही केवळ विधीची बाब राहिली नाही. कोम्पाद्रेचे नाते लॅटिन अमेरिकेत इतके खोल का रुजले, याचे एक कारण अभ्यासक या पोरकेपणात शोधतात, आणि ते आम्हांस पटते.

पुढे या नात्याची, म्हणजे ‘कोम्पाद्रास्गो’ची, व्याप्ती वाढतच गेली. बाप्तिस्म्याप्रमाणे दृढीकरणाचा, प्रथम ख्रिस्तप्रसादाचा, विवाहाचा कोम्पाद्रे निराळा. मेक्सिकोत लग्नाच्या अंगठ्यांचे, केकचेसुद्धा पाद्रिनो असतात. म्हणजे त्या त्या खर्चाचा भार उचलणारे. पेरू व बोलिव्हियाच्या पर्वतराजीत स्पॅनिशांपूर्वीपासून बालकाचे पहिले केस कापण्याचा ‘रुतुची’ नावाचा विधी आहे. आपल्याकडे जावळ काढतात, तसाच काहीसा हा प्रकार. तेथे पहिली बट पाद्रिनो कापतो, बालकाला भेट देतो, आणि बालकाच्या आईबापांचा कोम्पाद्रे होतो. चर्चने आणलेले नाते जुन्या विधीला असे येऊन बिलगले. बोलिव्हियातील तारिहा या भागात कार्निव्हलपूर्वीच्या दोन गुरुवारांपैकी पहिला कोम्पाद्रेंचा आणि दुसरा कोमाद्रेंचा मानला जातो. कोमाद्रेंच्या गुरुवारी बायका फळे, फुले, भाज्या व गोडधोड यांनी सजविलेल्या टोपल्या एकमेकींना देऊन जुने नाते ताजे करतात, नवे जोडतात.

या नात्याची एक खूण आम्हांस विशेष लक्षणीय वाटते. स्पॅनिशमध्ये आपल्या ‘तू’ आणि ‘तुम्ही’सारखेच ‘तू’ व ‘उस्तेद’ असे भेद आहेत. जे दोन मित्र लहानपणापासून अरेतुरे करीत आले, ते कोम्पाद्रे झाल्याच्या दिवसापासून एकमेकांना ‘उस्तेद’ म्हणू लागतात, अशी पद्धत मेक्सिकोच्या व इतर देशांच्या अनेक खेड्यांतून आढळते. जवळीक वाढली म्हणून भाषा सैल होत नाही. उलट ती अदबीची होते. कोम्पाद्रेशी भांडू नये, त्याला अपशब्द बोलू नये, त्याच्या घरच्या अडचणीला पाठ दाखवू नये. मैत्री ही मनाची लहर आहे, ती उद्या मोडेल. पण कोम्पाद्रास्गो देवासमोर घडले, ते मोडता येत नाही.

तथापि प्रत्येक पवित्र गोष्टीप्रमाणे यातही व्यवहार शिरला. सिडनी मिन्ट्झ व एरिक वुल्फ या मानववंशशास्त्रज्ञांनी १९५० साली या नात्यावर लिहिलेला निबंध आजही प्रमाण मानला जातो. त्यांनी दाखविले की हे नाते दोन दिशांनी पसरते. एक आडवी दिशा : शेतमजूर शेतमजुराला, शेजारी शेजाऱ्याला कोम्पाद्रे करतो, आणि गरिबीत दोन घरे एकमेकांना धरून राहतात. दुसरी उभी दिशा : मजूर आपल्या मालकाला मुलाचा धर्मपिता होण्याची विनंती करतो. मालकाला विनामूल्य निष्ठा मिळते. मजुराला कर्जाची, औषधाची, सरकारी कचेरीत एखाद्या शब्दाची आशा राहते. लारिसा आडलेर लोम्निट्स या विदुषीने मेक्सिको शहरातील एका झोपडवस्तीचा अभ्यास १९७५ साली प्रसिद्ध केला. शेजारी व नातलग यांच्यातली मदतीची देवघेव कोम्पाद्रास्गोने कशी घट्ट होते, ते त्यात दिसते. पण त्याच लेखिकेने १९७१ साली चिलीच्या मध्यमवर्गाविषयी लिहिले, तेव्हा चित्र पालटले होते. तेथे ‘कोम्पाद्रास्गो’ या शब्दाचा अर्थ होता परस्परांची कामे करून देण्याची साखळी : नोकरी लावणे, कागद पुढे सरकविणे. त्यासाठी बाप्तिस्म्याची गरज उरली नव्हती. स्पेनमध्येही ‘कोम्पाद्रेओ’ म्हणजे आपापल्यांची सोय पाहणारी मिलीभगत. मराठीत आपण ‘वशिला’ म्हणतो, त्याच्या अगदी शेजारचा हा शब्द!

उभ्या नात्याचा ताण कुठवर जातो, हे मेक्सिकन कथाकार हुआन रुल्फो यांनी १९५३ सालच्या कथासंग्रहातील एका कथेत दाखविले आहे. दुष्काळ पडलेला आहे. हुवेन्सिओ नावाच्या गरीब माणसाची गुरे चाऱ्यावाचून मरत आहेत. कुरणाचा मालक दोन लुपे हा त्याचा कोम्पाद्रे आहे, आणि तोच त्याला चारा नाकारतो. कुंपण फोडून गुरे आत सोडली जातात, मालक एक जनावर मारतो, आणि हुवेन्सिओ मालकाला मारतो. मग कितीतरी वर्षे तो लपतछपत जगतो; अखेर मेलेल्या मालकाचा मुलगा लष्करी अधिकारी होऊन येतो आणि त्या म्हाताऱ्याला गोळ्या घालण्याचा हुकूम देतो. कथेतला खून कोणत्याही वैऱ्याचा असता, तर ती केवळ सूडकथा ठरली असती. मेलेला माणूस कोम्पाद्रे होता आणि त्याने दुष्काळात चारा नाकारला होता, या दोन गोष्टींमुळे ती निराळी होते. येथे वचन दोघांनीही मोडले आहे. शब्द उरला, नाते उरले नाही, की काय घडते, ते या कथेइतके थोडक्यात क्वचितच कोणी सांगितले असेल.

अशा अर्थाने भरलेला शब्द दुसऱ्या भाषेत नेणे अवघड होते. गाब्रिएल गार्सिया मार्केस यांच्या १९६७ सालच्या ‘शंभर वर्षांचे एकाकीपण’ या कादंबरीत कर्नल आउरेलिआनो आपला सहकारी हेरिनेल्दो याला युद्ध कशासाठी चालले आहे असे विचारतो, तेव्हा तो त्याला ‘कोम्पाद्रे’ म्हणतो. इंग्रजी भाषांतरकाराने तिथे ‘जुना मित्र’ अशा अर्थाचे शब्द योजले. चूक म्हणता येणार नाही. पण बाप्तिस्म्याचे पाणी वाटेत आटले, हे खरे.

रोजच्या बोलण्यात शब्द झिजतात आणि त्यांचे कोपरे गोल होतात. मेक्सिको व मध्य अमेरिकेत कोम्पाद्रेचा ‘कोम्पा’ झाला, दक्षिणेत काही देशांत ‘कुम्पा’, आणि पूर्व क्युबाच्या खेड्यांत ‘कोम्पाय’. १९९७ सालच्या ‘बुएना व्हिस्ता सोशल क्लब’ या ध्वनिमुद्रिकेमुळे जगभर गाजलेले क्युबाचे वृद्ध गायक कोम्पाय सेगुन्दो (१९०७–२००३) यांचे मूळ नाव मॅक्सिमो फ्रान्सिस्को रेपिलादो. ‘लोस कोम्पाद्रेस’ या जोडीत ते दुसरा स्वर गात, म्हणून ते ‘दुसरा कोम्पाय’. आर्जेन्टिनात मात्र हाच शब्द ऐटीत गेला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्युनोस आयरेसच्या वेशीवरचा नटवा, भांडखोर तरुण ‘कोम्पाद्रितो’ म्हणून ओळखला जाई. टँगोच्या गाण्यांत तो आहे, आणि बोर्हेस यांनी १९४५ साली सिल्व्हिना बुलरिच यांच्यासह त्याच्याविषयीच्या लेखनाचे एक संकलनच सिद्ध केले.

स्पॅनिश जहाजे केवळ अमेरिकेला गेली नाहीत. १५६५ पासून त्यांनी फिलिपाइन्सही वसविले. या मुलुखाशी आमच्या वाचकांचे एक जुने नाते आहे. वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया हे मनिला येथे फ्रान्सिस्कन संघात दाखल झाले, तेथूनच १५९३ साली जपानला गेले आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे त्यांनी हौतात्म्य पत्करले. त्यांच्या काळात मनिलात स्पॅनिशांबरोबर नुकत्याच पोहोचलेल्या त्या शब्दाचे आज तागालोगमध्ये ‘कुम्पारे’ व ‘कुमारे’ झाले आहेत, आणि रस्त्यावरच्या बोलीत नुसते ‘पारे’ व ‘मारे’. मनिलातला तरुण मित्राला ‘पारे’ म्हणतो, तेव्हा त्याच्या मनात बाप्तिस्मा नसतो. परंतु त्याच शहरात लग्नाला धर्ममातापित्यांच्या कितीतरी जोड्या असतात, आणि त्यांत पुढाऱ्यांना व श्रीमंतांना मुद्दाम बोलावले जाते. उभी दिशा तेथेही चुकली नाही.

दरम्यान, ज्या कायद्याने हे नाते घडविले, त्यानेच त्यातून हात काढून घेतला. १९१७ च्या चर्चच्या कायदेसंहितेने विवाहाला आड येणारे आध्यात्मिक नाते बाप्तिस्मा घेणारा, तो देणारा व धर्ममातापिता एवढ्यापुरते ठेवले; आईबाप त्यातून वगळले गेले. १९८३ च्या लॅटिन संहितेत तेवढाही अडसर उरला नाही. १९९० च्या पौर्वात्य ख्रिस्तसभांच्या संहितेत मात्र धर्ममातापिता आणि बालक व त्याचे आईबाप यांच्यातील विवाहाला अजूनही मनाई आहे. लॅटिन परंपरेतील आपल्या ख्रिस्तसभेत कोम्पाद्रेचे नाते आता कायद्याच्या बळावर उभे नाही. लोक ते पाळतील, तर ते आहे.

आणि आपल्याकडे? पोर्तुगीजांच्या भाषेतही हा शब्द त्याच अर्थाने व जवळजवळ त्याच रूपात आहे. १५३४ च्या तहाने वसई त्यांच्याकडे आली आणि १७३९ पर्यंत राहिली. त्या दोनशे वर्षांत अनेक शब्द आपल्या घरांत आले व घरचेच झाले. वसईच्या उत्तर भागातील कुपारी समाजाच्या नावाची व्युत्पत्ती याच ‘कोम्पाद्रे’ शब्दापासून सांगितली जाते. ती मान्य केली, तर एका संपूर्ण समाजाने स्वतःला जे नाव घेतले, त्याचा मूळ अर्थ ‘एकमेकांच्या मुलांचे सहपिते’ असा होतो. याहून मोठे बिरुद कोणत्या समाजाला मिळाले असेल, हे आम्हांस ठाऊक नाही.

परंतु नाव मिळाले म्हणून नाते आपोआप टिकत नाही. आज आपल्या धर्मग्रामांत धर्मपिता निवडताना काय पाहिले जाते, हे प्रत्येक घराने स्वतःला विचारावे. परदेशी नोकरीतला भाऊ, चांगली भेट देऊ शकणारा मालक, फोटोत शोभणारी मैत्रीण? चर्चचा कायदा वय, श्रद्धा व आचरण पाहतो. सोळा वर्षे पूर्ण झालेली, दृढीकरण झालेली, श्रद्धेस अनुरूप जीवन जगणारी व्यक्ती, एवढी त्याची अपेक्षा. पण हे नाते बालकाशीच नव्हे, आपल्याशीही जुळते आहे, हे कोणता नियम आपल्याला सांगणार? बाप आजारी पडला, नोकरी गेली, घरात भांडण लागले, तर धर्मपित्याने दारात यावे असे आपण म्हणतो काय? आणि त्याच्या घरी संकट आले, तर आपण जातो काय?

नोंदवहीत आईबापांची नावे एका रकान्यात असतात आणि धर्ममातापित्यांची दुसऱ्या. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने धर्मगुरूला नुसती नावे लिहायला सांगितले नव्हते. नाते समजावून सांगायलाही सांगितले होते. त्या दोन रकान्यांच्या मधल्या रेघेवर स्पॅनिश माणसाने एक शब्द लिहिला आणि तो पाचशे वर्षे जगभर बोलला. आपल्या मुलाच्या बाप्तिस्म्याची ती नोंद ज्यांनी पुष्कळ दिवसांत पाहिली नसेल, त्यांनी ती एकदा पाहावी, आणि दुसऱ्या रकान्यातल्या माणसाच्या घरी आपण शेवटचे केव्हा गेलो होतो, ते आठवून पाहावे.